ट्रकला नाक असावं की नसावं

यूट्यूबवर अमेरिकन ट्रक बघून भाच्याचा एकच प्रश्न, मामा आपल्या गाड्यांना असं लांब नाक का नाही? त्याला वाटतं ही फॅशन आहे, पण खरा खेळ आहे मोजपट्टीचा, म्हणजे तिथला कायदा गाडी कुठून कुठपर्यंत मोजतो त्याचा.

युरोपात पुढचा ट्रक आणि मागचा ट्रेलर मिळून साधारण 16.5 मीटर, विषय संपला. त्यात नाकाला जागा दिली की तेवढा माल कमी, भाडं कमी, म्हणून त्यांनी ड्रायव्हरला सरळ इंजिनावर बसवलं आणि तोंड चपटं केलं. अमेरिकेतही आधी बऱ्याच राज्यांत अख्खी गाडी मोजायचे, तेव्हा तिथेही चपटे ट्रक धो धो पळायचे. मग 1982 च्या कायद्याने मोठ्या हायवेंवर नुसता ट्रेलर मोजायचा ठरलं, आणि मग काय, हळूहळू नाकं परत आली. मेकॅनिकही खुश, बोनेट उघडा आणि कामाला लागा. चपट्यात अख्खी केबिन पुढे कलंडवायची, आतलं सामान आधी आवरलं नाही तर पाण्याची बाटली थेट काचेवर.

आपल्याकडे नाकवाले नव्हते असं नाही हां, 1954 पासूनच्या त्या टाटा-मर्सिडीज आठवा. पण आपली गंमत वेगळीच. कंपनी बऱ्याच गाड्या नुसती चेसिस आणि पुढचा काउल, म्हणजे काचेखालचा दर्शनी भाग, एवढ्यावर विकते, केबिन बांधणार बॉडीवाला, त्यामुळे एकच चेसिस पंजाबात वेगळी दिसते आणि आपल्याकडे वेगळी. नाशिकला आडगावच्या ट्रक टर्मिनलला चक्कर मारून जुन्या गाडीत डोकावून बघा, लाकडी फ्रेमवर ठोकलेला पत्रा, सीटमागे झोपायला फळी, मधोमध इंजिनाचं झाकण आणि त्यावर घडी घातलेली गोधडी, कारण क्लिनरची सीट म्हणजे तेच. मे महिन्यात कसारा घाट चढताना त्या झाकणावर हात ठेवून दाखवा मला!

आता 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीये. बरं झालं, पण केवढा उशीर. लासलगावचा कांदा वाहणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला म्हटलं, आता मजा आहे तुमची, तर म्हणाला, "भाऊ, शेठ डिझेल लिटरवर मोजून देतो, एसी लावून ॲव्हरेज पडलं तर ते माझ्याच पगारातून कापणार ना?"