पहिलीच गोधडी डबल बेडची? नको

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "क्विल्टिंग शिकायचंय, सुती कापड ढीगभर पडलंय, तर डबल बेडचीच गोधडी घेऊ का शिवायला?" नका घेऊ. आधी भिंतीवर लावायचे तीन लहान तुकडे करा, सणावारी आणि ऋतूचे. संक्रांतीला पतंग, पावसाळ्यात छत्री, दिवाळीला कंदील. काम बारा ते सोळा इंचांचं, तारीख ठरलेली, आणि फसलं तरी सण सरला की उतरवता येतं.

आपल्या गोधडीची रीत वेगळी आहे. जुन्या साड्या-धोतरांचे थर अंथरायचे, वर तुकडे मांडायचे आणि धावदोऱ्याने सगळं धरून ठेवायचं. तुकडा वाकडा बसला तर पुढचा त्यावर चढवला की भागतं. उत्तर कर्नाटकातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तर कडेपासून सुरू होते आणि आत आत शिवली जाते. क्विल्टच्या जोडकामात अशी सवलत नाही. तिथे तुकडे आधी एकमेकांना जोडायचे असतात आणि प्रत्येक शिवण पाव इंचावर, म्हणजे दोन सुतांवर, यावी लागते.

ती नाही आली तर काय होतं, त्याचा हिशेब करू. ओळीत चार चौकोन म्हणजे तीन शिवणी. प्रत्येक शिवण अर्धं सूत जास्त आत गेली, तर दोन्ही कापडांचं मिळून सूतभर जातं. ओळ तीन सुतांनी आखूड. भिंतीवरच्या लहान तुकड्यात, म्हणजे चौकटीत, हे लगेच दिसतं आणि अर्ध्या तासात उसवता येतं. चोवीस चौकोनांच्या ओळीत हीच चूक जवळजवळ तीन इंच खाते, आणि ते कळतं शेजारची ओळ जुळेनाशी झाली की.

म्हणून पतंगाआधी एक चाचणी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली मोजा. बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण जाड आहे. सुई खाली आणून तिच्यापासून दोन सूत मोजा आणि मशीनच्या पत्र्यावर तिथे चिकटपट्टी लावा. कापडाची कड चिकटपट्टीच्या किंचित आत, सुईकडे ठेवून शिवा, दोन सुतांपेक्षा एखादा धागा कमी. शिवण उलटवताना कापड घडीत तेवढं जातंच.

पतंगाची चौकट तयार झाल्यावर बारा इंचांची. चार बाय चार, सोळा चौकोन. आभाळाच्या रंगाचे बारा चौकोन साडेतीन इंचांचे. मधल्या चारांत पतंग, म्हणजे अर्धं आभाळ, अर्धा पतंग असे त्रिकोणी जोड. त्यासाठी चार इंचांचे दोन चौकोन आभाळाचे, एक लाल, एक पिवळा. लालवर आभाळ सुलट-सुलट ठेवा, कर्णरेषा आखा, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतांवर शिवा आणि मग रेषेवर कापा. एका जोडीतून दोन तुकडे निघतात. ते साडेतीन इंचांहून सूतभर मोठे असतात. मोजपट्टीवरची पंचेचाळीस अंशांची रेघ शिवणीवर ठेवून बेताने छाटा. चौकोन आखायचा साचा पुठ्ठ्याचा नको, दहा वेळा आखला की त्याच्या कडा झिजतात. जुनी एक्स-रे फिल्म उत्तम.

कर्णावरचं कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, असतं, ओढलं की लांबतं. इथेच नवशिके इस्त्री पुढेमागे फिरवतात आणि चौकोनाची पतंगाआधीच पतंगी होते. इस्त्री ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. ढकलायची नाही. पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे वळवा, दुसरीच्या डावीकडे. ओळी जोडताना त्या एकमेकींत अडकतात आणि कोपरे आपोआप जुळतात. पतंगाची टोकं कापली गेली, तर चूक शिवणीच्या रुंदीत शोधा.

आता थर. खालचं कापड आणि मधलं अस्तर, दोन्ही सोळा इंच. अस्तराला एकपदरी सुती फ्लॅनेल पुरे. रजईतला पॉलिस्टरचा जाड थर भिंतीवर फुगतो. खालचं कापड उलटं करून टेबलाला चिकटपट्टीने ताणाविना सपाट बसवा, वर अस्तर, वर पतंग, आणि मधून कडेकडे चार-चार बोटांवर कच्चे टाके. हे टाळलं की मागे चुण्या पडतात, आणि त्या दिसतात सगळं शिवून झाल्यावर. मग तिन्ही थर हाताने शिवताना दोरा हातभरच घ्या. इंचाला पाच टाके आले तरी चालेल, पण सारखे हवेत. मांजा याच धावदोऱ्याने, पतंगाच्या टोकापासून कोपऱ्यापर्यंत.

छत्री मला सगळ्यांत जास्त शिकवणारी वाटते. चौदा इंचांच्या राखाडी कापडावर नऊ इंचांची छत्री ॲप्लिकने, म्हणजे कडा आत दुमडून तुरपाई. वरचा घुमट बाहेर फुगलेला, तिथे कात्री लावायची नाही. कडेने बारीक धावदोरा घालून पुठ्ठ्यावर ओढा, इस्त्री करा, पुठ्ठा काढा. खालच्या कमानी आत वळलेल्या, तिथे मात्र दर दोन-तीन सुतांवर बारीक काप द्यावे लागतात, आखलेल्या रेषेच्या दोन धागे अलीकडे थांबून. उलट केलंत तर घुमट कोनाकोनांचा दिसतो आणि कमानी ताणून बसतात. कमानींच्या टोकांशी एक बाजू दुमडा, उरलेलं टोक छाटा, मग दुसरी बाजू. दोरा छत्रीच्या रंगाचा, आभाळाच्या नव्हे. पाऊस तिरक्या ओळींचा. मशीनवर घालणार असाल तर मधल्या ओळीपासून सुरू करा आणि सगळ्या ओळी वरून खालीच शिवा. एक वर, एक खाली असं केलं की कापड पिळवटतं.

खणाचा मोह इथे आवरा. खण फार सुटतो. लावायचाच तर मागे फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कापड, लावून, आणि लाल असेल तर ओल्या पांढऱ्या कापडावर इस्त्री करून रंग तपासून.

कंदील कडेची पट्टी शिकण्यासाठी. बारा बाय सोळाच्या चौकटीचा घेर छप्पन्न इंच, वर दहा इंच जास्तीचे. चव्वेचाळीस पन्ह्याच्या कापडातून अडीच इंचांच्या दोन पट्ट्या पुरतात. सरळ कडेला उरेब पट्टी लागत नाही, सरळच कापा. पट्टी लांबीत दुमडून चौकटीच्या पुढून दोन सुतांवर शिवा आणि कोपऱ्याच्या दोन सूत आधी थांबा. पट्टी वर तिरकी दुमडा, मग खाली, आणि कडेपासून पुन्हा सुरू करा. थांबायचं विसरलात तर कोपरा उलटतच नाही. मागे तुरपाई. पट्टी ओढून शिवली तर चौकट वाटीसारखी वळते. कडेला लाटा आल्या तर बहुधा मध्ये टाके दाट आणि कडेला विरळ पडलेत.

टांगायची सोय पट्टी लावण्याआधीच करा: चार इंचांचे दोन चौकोन कर्णावर दुमडून मागच्या वरच्या दोन कोपऱ्यांत ठेवा, पट्टीच्या शिवणीत ते अडकतात. त्यांत चौकटीपेक्षा इंचभर आखूड बांबूची काठी बसते. उतरवताना काठी काढा, चौकट घडी न घालता गुंडाळा, सुती कापडात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते.