तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला मागे का ठेवलंय?

दर रविवारी फुटबॉलची प्रॅक्टिस संपली की कोणीतरी आई नाहीतर बाबा हळूच बाजूला घेतात, सर, आमच्या पोराला मागेच का ठेवता, कच्चा आहे का तो? मैदानावर तेच, नंतर मिसळ खायला बसलो की तिथेही तेच, पाव मोडता मोडता. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मूळ भानगड अशी की आपल्या डोक्यात क्रिकेट बसलंय. कॉलनीत ज्याला कॅच धरता येत नाही त्याला फाइन लेगला पाठवायचं, त्यामुळे मागे किंवा कडेला उभा म्हणजे लिंबूटिंबू. नाशिकच काय, सगळीकडे तेच.

आता ते ४-३-३, म्हणजे टीम मैदानावर कशी उभी करायची ते. मागून मोजायचं, चार डिफेंडर, तीन मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड, बेरीज दहा कारण गोलकीपर धरत नाहीत. पण यातून फक्त कोण साधारण कुठे उभा ते कळतं, बॉल हलला की सगळं हलतं. त्यापेक्षा कबड्डी आठवा. रेडर आला की डावा कॉर्नर, उजवा कॉर्नर, कव्हर, सगळे साखळी धरून, तो एका बाजूला झुकला की अख्खी साखळी सरकते, आणि पाय धरायचं काम बहुतेक वेळा त्या कोपऱ्यातल्याचं. त्याला कोणी कच्चा म्हणतं का?

ज्या पोराबद्दल हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो तो डिफेन्सच्या जस्ट पुढे खेळतो, सहा नंबरला. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा डिफेंडर, पुढे पळाला की त्याची रिकामी जागा झाकायची, सेंटर बॅककडून, म्हणजे मधल्या डिफेंडरकडून, बॉल घ्यायचा, आणि घ्यायच्या आधीच मान वळवून बघून ठेवायचं की मागून कोण येतंय, मग दोन टचमध्ये पुढे. गोल करणाऱ्यांत याचं नाव नसतं, व्हिडिओत पण दिसत नाही, त्यामुळे आईबाबा नाराज. पण ज्याचा पहिला टच सुटतो त्याला मी तिथे ठेवणारच नाही, तिथे बॉल हिसकावला गेला की समोरचा थेट गोलवर. फ्रान्सचा मिडफिल्डर क्लॉड मॅकेलेले हे काम इतकं चोख करायचा की इंग्लंडमध्ये त्या जागेला त्याचंच नाव पडलं, आणि २०२४ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळालेला रोड्री, तोही सहा नंबरवालाच.

आणि फॉरवर्ड तरी कुठे पुढेच असतो? मे २००९, रिअल माद्रिदच्या घरच्या मैदानावर बार्सिलोनाचा कोच गार्डिओलाने मेस्सीला कडेवरून काढून मधोमध टाकलं, आणि तो सारखा मागे मिडफिल्डमध्ये यायला लागला. आता माद्रिदच्या सेंटर बॅकनी करायचं काय, त्याच्या मागे गेलं तर पाठीमागे मोकळं रान, नाही गेलं तर मेस्सी मोकळा. बार्सिलोना ६-२.

आपल्याकडचं सांगायचं तर १९६२, जकार्ता एशियन गेम्स. जर्नेल सिंग आपला पक्का डिफेंडर, डोक्याला टाके पडलेले, तर कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला चक्क फॉरवर्डला खेळवलं आणि फायनलमध्ये दक्षिण कोरियावर त्याने गोल मारला, २-१, गोल्ड मेडल. हा किस्सा मी सहसा सांगत नाही, कारण लगेच कोणीतरी म्हणतंच, बघा सर, मग आमच्यालाही टाका की पुढे.

टाकेन ना, या वयात सगळ्यांना सगळीकडे फिरवतोच मी, फक्त ते तुम्हाला पुढे असतानाच दिसतं. पुढच्या रविवारी या, थंडी आहे, स्वेटर घालून या, आणि दहा मिनिटं बॉल सोडून फक्त आपल्या पोराकडे बघा. आणि प्लीज लाईनवरून पुढे जा पुढे जा ओरडू नका, तो खरंच जातो हो, आणि मग मागे जे भगदाड पडतं त्यावरून मी कोणाला ओरडू?