स्खेल्डेच्या खाडीत पाण्याला परत दिलेली जमीन

१९५३ च्या महापुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे दगावली आणि त्यानंतर त्या देशाने आपल्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील खाड्यांची तोंडे एकामागून एक बांधून काढली. स्खेल्डे नदीच्या मुखाशी असलेली वेस्टर स्खेल्डेची खाडी मात्र उघडीच राहिली, कारण बेल्जियममधील अँटवर्प बंदराकडे जाणारी जहाजे तिच्यातूनच ये-जा करतात. जहाजांसाठी दार उघडे ठेवायचे, तर वादळी उधाणही त्याच दाराने आत येणार, हा तिथला मूळ पेच आहे.

३ जानेवारी १९७६ च्या वादळात बेल्जियमच्या बाजूला पाणी शिरले आणि पुढच्याच वर्षी तिथे पूरसंरक्षणाचा सिग्मा आराखडा तयार झाला. अँटवर्पजवळ नदीवर वादळरोधक दरवाजे बसवण्याचा विचार खर्चापायी मागे पडला; बांध उंच करणे आणि पुराला मुद्दाम जागा करून देणे, एवढेच मार्ग उरले. अँटवर्पजवळच्या क्रॉयबेके येथील सुमारे ६०० हेक्टरांचे क्षेत्र त्यातूनच आकाराला आले. तेथे नदीलगतचा बांध ठेंगणा आहे आणि मागचा उंच, त्यामुळे मोठे उधाण आले की पाणी पुढच्या बांधावरून आत सांडते आणि अँटवर्पवरचा भार हलका होतो.

मला त्या बांधावर सर्वांत रस वाटला तो दरवाजांच्या रचनेत. बांधामागची जुनी शेतजमीन बाहेरच्या दलदलीपेक्षा खोल आहे, आणि बांध नुसता फोडला असता तर तिच्यावर रोज दोनदा इतके पाणी चढले असते की लव्हाळे उगवलेच नसते. म्हणून पाणी आत घेणारी तोंडे उंचावर आणि बाहेर सोडणारी खाली ठेवली आहेत. भरतीचा केवळ वरचा थर आत येतो आणि ओहोटीला निघून जातो. लिपेनब्रूकच्या छोट्या तुकड्यावर २००६ पासून ही युक्ती आधी पारखून घेतली होती. आपल्या कोकणातील खारबंदिस्तीच्या (खारे पाणी अडवणाऱ्या बांधांच्या) उघाड्या, म्हणजे पाणी सोडण्याची दारे, नेमक्या उलट हेतूने बसवलेल्या असतात: पावसाचे पाणी बाहेर जावे, खारे आत येऊ नये.

जहाजांचा हिशेब इतका सरळ नाही. १३.१ मीटर डुबाव असलेल्या, म्हणजे पाण्याखाली तितका भाग असलेल्या जहाजांना भरतीची वाट न पाहता जाता यावे, यासाठी खाडीचा मार्ग २०१० पर्यंत तिसऱ्यांदा खोल करण्यात आला. मार्ग खोल झाला की भरतीची लाट आत अधिक जोराने चढते. अँटवर्पजवळ भरती-ओहोटीतील फरक आज पाच मीटरांहून अधिक आहे. उपसलेली वाळू आता काही प्रमाणात वाळूच्या दांड्यांच्या कडेला टाकतात, जेणेकरून उथळ जागा टिकाव्यात. हे शहाणपणाचे आहे, पण खोलीकरणाची संपूर्ण भरपाई त्याने होते असे मला वाटत नाही.

ती भरपाई नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतातील शेतकऱ्यांकडे मागितली गेली. तिथला हेडविगे पोल्डर (बांध घालून पाण्यातून मिळवलेली शेतजमीन) पाण्याला परत देण्याचे २००५ च्या करारात ठरले आणि बांध फोडला गेला तो २०२२ मध्ये. वाडवडिलांनी बांध घालून मिळवलेली जमीन शेजारच्या देशातील बंदरापायी बुडवायची, हा त्यांचा संताप मला रास्त वाटतो, जरी तिथे दलदल परत येणे मला हवेच होते. क्रॉयबेकेलाही विरोध झाला होता, पण तिथे निदान घरे वाचतील हे दाखवता येत होते.

पुढची अडचण गाळाची आहे. रोज आत येणाऱ्या पाण्याबरोबर गाळ साचतो आणि जमीन वर येते; लव्हाळ्याला आणि पक्ष्यांना ते हवेच असते, मात्र उधाणाचे पाणी मावण्याची जागा तेवढीच घटत जाते.