चुशूलच्या मैदानातून रेझांग ला पाहताना

लडाखमधील रेझांग ला या खिंडीतील भारतीय तुकडीला आपल्या तोफखान्याची मदत मिळू शकली नाही, कारण तोफा आणि ठाणे यांच्यामध्ये डोंगरमाथा आडवा येत होता. १९६२ च्या भारत-चीन युद्धाविषयी वाचताना हे एक वाक्य माझ्या मनात रुतून बसले होते. म्हणून लेहहून निघाल्यावर चांग ला ओलांडून, पँगाँग सरोवराच्या काठाने स्पांगमिक, मान, मेराक ही गावे मागे टाकत मी चुशूल गाठले. बहुतेक प्रवासी सरोवर पाहून परततात. मला मात्र त्यापुढची भूमी पाहायची होती.

चुशूल १४,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे. विस्तीर्ण, उघडे मैदान, झाडाचा मागमूस नाही आणि दुपार कलली की वारा असा सुटतो की दोन वाक्ये बोलतानाही धाप लागते. त्या काळी येथे एक धावपट्टी होती आणि लेहकडे जाणारी वाटही येथूनच होती, त्यामुळे हे मैदान राखणे अपरिहार्य होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये तर एएमएक्स-१३ रणगाडे विमानांतून येथे उतरवण्यात आले. पूर्वेला स्पांगगुरची खिंड आणि तिच्या दोन बाजूंना गुरुंग हिल व मगर हिल. रेझांग ला मात्र दक्षिणेकडे, इतर ठाण्यांपासून दूर, एकाकी आहे.

गावाच्या बाजूने एकामागून एक उभे असलेले ते डोंगरमाथे पाहिले आणि मनात रुतलेल्या त्या वाक्याचे वजन कळले. जेथून मदत यायची, तेथून ती येऊ शकत नव्हती, आणि हे ठाऊक असूनही तेथे माणसे उभी होती. तेथे तैनात असलेल्या १३ कुमाऊँच्या (कुमाऊँ रेजिमेंटच्या १३ व्या बटालियनच्या) चार्ली कंपनीत सुमारे १२० जवान होते, बहुतेक हरियाणातील अहिर समाजाचे. मैदानी मुलखात वाढलेल्या या तरुणांच्या हातात .३०३ रायफली होत्या, ज्यांचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे ओढावा लागतो. १८ नोव्हेंबरच्या पहाटे चिनी सैन्याचा हल्ला सुरू झाला. कंपनीचे प्रमुख मेजर शैतान सिंह एका खंदकाकडून दुसऱ्या खंदकाकडे जात राहिले आणि गंभीर जखमी झाल्यावर, मला येथेच ठेवून तुम्ही जा, असे त्यांनी आपल्या जवानांना सांगितले. ११० हून अधिक जवान तेथेच धारातीर्थी पडले. तीन दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला.

मला सर्वांत अस्वस्थ करते ते यानंतरचे. जे मोजके जवान जिवंत परतले, त्यांच्या सांगण्यावर सुरुवातीला विश्वास ठेवला गेला नाही. एवढ्या थोड्या माणसांनी असा प्रतिकार केला असेल, हे ऐकणाऱ्यांना खरे वाटले नाही. त्यांची साक्ष अखेर त्या डोंगरानेच दिली. फेब्रुवारी १९६३ मध्ये शोधपथक वर पोहोचले, तेव्हा जवान आपापल्या खंदकांत गोठलेल्या अवस्थेत सापडले. अनेकांच्या हातात शस्त्रे तशीच होती आणि उखळी तोफेजवळच्या एकाच्या हातात न डागलेला गोळा होता. मेजर शैतान सिंह यांचे पार्थिव जोधपूरला नेण्यात आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. इतरांवर चुशूलमध्येच अंत्यसंस्कार झाले.

स्मारक या मैदानातच आहे. २०२१ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. येणारे लोक छायाचित्रे काढून लवकर निघतात, याचे वाईट वाटते, कारण येथे पाहायचे ते दगडी बांधकामापेक्षा त्यामागचे डोंगर आहेत. मी कोरलेली नावे एकेक करून वाचली. वाचून होईपर्यंत बोटे बधिर झाली होती, आणि तो तर ऐन उन्हाळ्याचा दिवस होता.