मनोरीला आहे काय? तुम्ही विचारलंत म्हणून

"मनोरीला आहे काय? आम्ही जाऊ का?" हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी मी आ वासून बसलेली असताना विचारला. मी मालाडला राहते आणि रविवारी सकाळी फोन उचलला नाही तर मार्व्याहून बोटीने खाडीपलीकडे मनोरीच्या किनाऱ्यावर गेलेली असते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तरादाखल मी "कोण कोण येणार आहे?" असं विचारते आणि माणसं दुखावतात. "किनारा काय तुझ्या मालकीचा आहे का?" असं एक मावसबहीण म्हणालीसुद्धा. नाही बाई, नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते. पुन्हा कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

सरळ उत्तर असं, की मनोरीला बघण्यासारखं फारसं काही नाही. वाळू आहे, सुरू आणि माड आहेत, कोळीवाडा आहे, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची जुनी घरं आणि वाटेत लागणारे क्रूस आहेत. जुहूला ज्यासाठी जाता ते इथे मिळणार नाही. ज्याला नुसतं बसता येतं त्याने यावं. हे वाक्य पूर्वी मी मोठ्या रुबाबात टाकायचे. आता जरा अडखळते, कारण नुसतं बसण्याआधी तिथवर पोचावं लागतं आणि मुख्य म्हणजे परत यावं लागतं.

लहान मुलं असतील तर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर असा. पाणी मागे गेलं की सपाट, ओली वाळू मिळते. तिच्यावर इवल्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या करून मांडलेल्या असतात आणि जवळ गेलं की सगळे बिळात. मुलांना दुसरं काही लागत नाही. पाण्यात मात्र घोट्यापलीकडे जायचं नाही, यावर मी सरळ भांडते. मनोरीची खाडी तिथेच समुद्राला मिळते. ओहोटी लागली की खाडीभरचं पाणी त्या तोंडातून बाहेर पडतं, वरून शांत दिसतं आणि खाली ओढ असते. खाडीच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर अक्साचा किनारा. तिथे बुडालेल्यांच्या बातम्या तुम्हीही वाचता. "आम्हाला पोहता येतं" असं मला ऐकवू नका, सोसायटीच्या तलावाला ओहोटी नसते.

सायकलवाले हे सगळ्यांत गुणी प्रवासी. सायकल बोटीवर चढवतात, मनोरी, गोराई, उत्तन करत भाईंदरला बाहेर पडतात आणि मला काहीही विचारत नाहीत. ज्यांना चपलेत वाळू गेलेली खपत नाही त्यांनी गोराईचा विपश्यना पॅगोडा बघावा. २००९ साली त्याचं उद्घाटन झालं. आठ हजार माणसं बसतील एवढा घुमट आणि आत एकही खांब नाही, दगडात दगड अडकवून उभा केलाय. खाण्यासाठी येणाऱ्यांनी कुणा ईस्ट इंडियन घरी आधी सांगून ठेवावं. बॉटल मसाल्यातलं, म्हणजे त्यांच्या बाटलीत भरून ठेवलेल्या खास मसाल्यातलं कालवण आणि फुगे, म्हणजे तळलेले फुगीर पाव, आयत्या वेळी मिळत नाहीत आणि मिळालेच तर कौतुकाचे नसतात.

एकट्या बाईने जावं का? मी जाते. आठवड्यातल्या एखाद्या रजेच्या दिवशी, नाहीतर रविवारी सकाळी. रविवारी दुपारनंतर बाटल्या घेऊन येणारी टोळकी वाढतात, मग मी उठते. याला भित्रेपणा म्हणायचं तर म्हणा, मला त्यांच्या शेजारी बसून धैर्य सिद्ध करायचं नाहीये. पावसाळ्याचं विचाराल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, पाणी गढूळ आणि आपण टाकलेलं प्लास्टिक समुद्र परत आणून देतो. मला तेव्हाही आवडतं. तुम्हाला आवडणार नाही.

आता "कोण कोण येणार?" हे मी का विचारते ते.

माझे मोठे काका सोलापूरकडे शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले, काकू गेल्या, मग गुडघे गेले आणि हातात काठी आली. ठाण्याला दादाकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे, माझ्या चुलतभावाकडे आले होते तेव्हा म्हणाले, "समुद्र बघायचाय गं. पण माणसं बघायला लागू नयेत." मनोरीची याहून चांगली शिफारस कोणी केली नसेल. थंडीचे दिवस होते, रविवार होता आणि अमावास्या होती.

अमावास्या मुद्दाम सांगतेय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उलट, सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला भरती आणि सहाच्या सुमाराला ओहोटी. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. मुंबईला अशा दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे इमारतीच्या एका मजल्याहून जास्त. आम्ही बाराच्या आत मार्व्याला पोचलो. बोट धक्क्याला बरोबरीने लागलेली, काका एका पावलात आत. संध्याकाळी काय होणार ते मला माहीत होतं आणि मी दादाला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की येताना बोट नको, रिक्षाने उत्तनवरून भाईंदरला जाऊ. काकांसाठी आमिषही होतं. त्या रस्त्याच्या बाजूला धारावीचा किल्ला आहे, झोपडपट्टीची ती धारावी नव्हे, या बेटाचंच नाव धारावी. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला. दादा "बरं" म्हणाला होता.

दिवस फार छान गेला, हे दादाही नाकारत नाही. काका किनाऱ्यावर थोडा वेळ बसले, मग त्यांनी कोळीवाड्याच्या बाजूला मुक्काम हलवला, कारण तिथे वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर, बोंबील वाळत घालत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, ना खिळा ना गाठ. जन्मभर शाकाहारी असलेला हा माणूस उपरण्याने नाक झाकून तासभर ते बघत बसला. मध्येच विचारी, "सगळे जबडे अडकतात का हो?" बोंबील घालणाऱ्या बाईने एक जोडी त्यांच्या हातात दिली. काकांनी ती टांगली. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मासा हातात घेतला.

साडेचारला मी रिक्षाचं काढलं. काका म्हणाले, "किल्ला मी वर्गात रोज सर केलाय. तो कुठे जात नाही. मी बोटीनेच येणार." मी भरती-ओहोटीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाढा चुकणाऱ्या मुलाचं ऐकून घेतात तसं, आणि म्हणाले, "बोटीनेच." दादा म्हणाला, "त्यांना हवंय ना? मग?" आणि सूर्यास्त बघूनच निघालो.

धक्क्याचा उतार वरच्या अंगाला कोरडा होता. खाली, जिथे दुपारी पाणी होतं, तिथे शेवाळ आणि चिखल. बोट पार तळाशी. मोटरसायकलवाले एकमेकांच्या गाड्या वर रेटत होते. काका काही पावलं उतरले आणि काठी सरकली. पडले नाहीत, बसले. पांढऱ्या धोतरानिशी त्या चिखलात बसले आणि मग त्यांना उठता येईना. मागे रविवारची रांग. कुणीतरी "बाबांना बाजूला घ्या ना" म्हणालं, कुणीतरी फोन वर धरला. दादा माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत ओरडला, "तुला इथलं सगळं कळतं ना? मग आणलंस कशाला त्यांना?" मीही तितक्याच मोठ्यांदा म्हणाले, "मी रिक्षा सांगितली होती." काका आमच्या पायांशी बसलेले आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून भांडतोय. किती वेळ, ते सांगता येणार नाही. बोटीवरचे दोन पोरगे वर आले. त्यांनी आम्हा दोघांपैकी कुणालाच काही विचारलं नाही. एकाने वाकून काकांना विचारलं, "बाबा, उचलू?" काका म्हणाले, "उचला." त्यांनी हातांची बैठक केली आणि नेऊन बोटीत बसवलं. मार्व्याला पुन्हा तेच, उलट दिशेने. बोटीत काका कुणाशी बोलले नाहीत. ठाण्यापर्यंत बोलले नाहीत.

दादाने घराण्यात सगळीकडे सांगितलं, की आप्पांना, म्हणजे काकांना, गाठोड्यासारखं उचलून आणावं लागलं आणि हे सगळं हिच्या मनोरीपायी. माझं म्हणणं अजूनही तेच आहे. मी वेळ सांगितली होती, रस्ता सांगितला होता, साडेचारला उठले होते. यात मी आणखी काय करायचं होतं? एका मोठ्या माणसाला ओढत रिक्षात घालायचं? अर्थात, खरं सांगायचं तर सूर्यास्त मलाही बघायचा होता आणि काका "बोटीनेच" म्हणाले तेव्हा मी फार जोर लावला नाही. पण दादानेही लावला नाही आणि त्याचा तो बाप आहे.

मात्र माझी झोप यावरून उडत नाही. काका धक्क्याचा विषय कधीच काढत नाहीत, त्यावरून उडते. सोलापूरला येईल-जाईल त्याला बोंबलांचे जबडे सांगतात, स्वतःच्या दोन बोटांचे आकडे एकमेकांत अडकवून दाखवतात. बोटीचंही सांगतात, पण फक्त जातानाच्या. येतानाचं काही नाही. दादा म्हणतो, त्यांना इतकं लागलंय की बोलवत नाही. मला वाटतं, त्यांच्या लेखी ती गोष्ट मोठी नव्हतीच, मोठी आमच्या भांडणामुळे झाली. दोन्ही खरं असेल. विचारायची हिंमत आमच्यापैकी एकातही नाही.

पूर्वीची मी सरसकट म्हणायची, समुद्र सगळ्यांचा आहे, खुशाल या. तिचा मला राग येतो, कारण तिने कधी शेवाळावर बसलेला म्हातारा माणूस पाहिला नव्हता. पण तीही मला सोडत नाही. म्हणते, आता तू लोकांच्या आयांचे गुडघे मोजून त्यांना परवानगी देतेस, म्हणजे तू दादाच झालीस. काकांनी भरतीचं ऐकलं होतं, समजून घेतलं होतं आणि तरी बोट निवडली होती. मी आधीच "कोण कोण?" विचारून म्हाताऱ्यांना यादीतून काढून टाकलं असतं तर तो बोंबील त्यांनी कधी टांगला असता? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरीही मी "कोण कोण?" विचारणं थांबवणार नाही. आणि ज्यांच्या घरी कुणी काठी घेऊन चालतं त्यांना मी आधी भाईंदरचा रस्ताच सांगते, मग बोटीचं. क्रम एवढाच बदलला आहे.

काका आता पुन्हा यायचं म्हणतायत. दादा नाही म्हणतो. दोघांनी स्वतंत्रपणे मला फोन केले. दादाने माझ्याकडून नकार वदवून घ्यायला, काकांनी तिथी विचारायला. मी अष्टमी सांगितली आहे. भांगाचे दिवस, पाणी फार उतरत नाही आणि संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे परतताना बोट धक्क्याच्या बरोबरीला. सकाळी लवकर निघायला लागेल, कारण बाराला थोडी तरी ओहोटी असणारच. काकांनी कॅलेंडरवर खूण केली. दादाने माझा मेसेज वाचलाय, असं दिसतंय. उत्तर आलेलं नाही.