ताफिलालतमधील पाण्याची पाळी

बर्बर आणि अरब लोकजीवन पाहण्यासाठी मोरोक्कोला गेलेल्या प्रवाशाला सहल कंपन्या बहुधा मेर्झूगाच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावरून नेतात आणि रात्री तंबूत ढोल ऐकवतात. त्यात गैर काही नाही; परंतु पांझरेच्या काठी वाढलेल्या माझ्यासारख्या धुळेकराला त्या टेकड्यांपेक्षा एर्फूदहून तिनजदादकडे जाणाऱ्या रस्त्यावरील, ताफिलालत या आग्नेय मोरोक्कोतील मरूद्यानांच्या प्रदेशातल्या जोर्फचा उजाड माळ अधिक मोलाचा वाटला.

त्या माळावर मातीच्या ढिगाऱ्यांच्या लांबच लांब रांगा दिसतात. प्रत्येक ढिगाऱ्याच्या मधोमध विहिरीसारखे तोंड असते आणि खालून ‘खेत्तारा’ जातो, म्हणजे भूजल केवळ उताराच्या बळावर खजुराच्या बागांपर्यंत पोहोचवणारा बोगदा. पाण्याचा वाटा तेथे वेळेवर ठरतो, आणि ती पाळी साधारणपणे बारा तासांची असते. अँटी-अॅटलास डोंगररांगेतील बर्बर गावांत ही वेळ मोजण्यासाठी तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की एक माप पुरे होई. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळात घटिकापात्र सोडत, तेच हे साधन, फक्त कामाला लावलेले पाटाच्या पाण्यासाठी. साक्री-धुळे भागातील फडपद्धतीत, म्हणजे नदीवरील बंधाऱ्याचे पाणी पाटाने सामायिकपणे शेतांना देण्याच्या जुन्या पद्धतीत, घड्याळापेक्षा पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या शब्दाला मान असला, तरी बंधारा सर्वांचा, दुरुस्ती सर्वांची आणि पाणी पाळीने, हा व्यवहार दोन्हीकडे सारखाच आहे. दुर्दैवाने ऱ्हासाची कारणेही बरीच जुळतात: ताफिलालतमध्ये १९७१ साली झीज नदीवर धरण झाले, पुढे मोटारपंप वाढले आणि अनेक खेत्तारा कोरड्या पडल्या, आपल्याकडील फड विहिरी, वीजपंप आणि उसामुळे मोडकळीस आले.

ताफिलालतमधीलच रिसानी गावाचा बाजार मंगळवार, गुरुवार आणि रविवारी भरतो. बाजारकऱ्यांची गाढवे बांधण्यासाठी तेथे स्वतंत्र आवार आहे, आणि ते अवश्य पाहावे. गल्लीत अरबी आणि तमाझिग्त (बर्बर लोकांची भाषा) या दोन्ही भाषा कानावर पडतात. एकाच सौद्यात माणसे एकीतून दुसरीत सहज जातात, जसे आपण घरी अहिराणी आणि कचेरीत मराठी बोलतो. तमाझिग्तला २०११ च्या संविधानाने अधिकृत भाषेचा दर्जा दिला आणि आता सरकारी पाट्यांवर तिची तिफिनाग लिपी दिसते. अहिराणीच्या वाट्याला असे काही आलेले नाही, हे तेथे उभे राहिल्यावर जरा बोचतेच.

खजुराचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास असतो, त्या वेळी जावे. कोणाच्या घरी जेवणाचा योग असेल, तर शुक्रवार मोकळा ठेवावा, कारण त्या दिवशी दुपारी घरोघरी कुसकुस शिजतो. पुदिन्याच्या चहात साखर मात्र भरपूर असते. नको असल्यास आधीच सांगावे.