एक्स-रेमधले 'तुकडे'

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच वडिलांनी एक्स-रे पुढे केला. "मॅडम, टाचेच्या हाडाचे तुकडे पडलेत. ऑपरेशन लागेल का?" मागून त्यांचा 11 वर्षांचा फुटबॉलवेडा मुलगा चवड्यांवर चालत आत आला. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला फिल्मपेक्षा त्या चालण्यातच जास्त रस होता.

फिल्मवर टाचेच्या मागच्या कडेला एक पांढरीशुभ्र, मधेमधे तुटलेली चकती दिसत होती. पालक दचकणारच. पण या वयात टाचेचा तो भाग वेगळा तयार होत असतो, उरलेल्या हाडाशी अजून जुळलेला नसतो. न दुखणाऱ्या मुलांतही तो असाच दिसतो.

मी टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली. "आई गं!" पाय झटक्यात मागे. दुसरी दाबली, तिथेही तेच, जरा कमी.

"ही दुखते हे बोलला नाहीस कधी," वडील म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

गुडघा ताठ ठेवून पाऊल वर वाकवलं, तर ते काटकोनापुढे जाईचना. वर्षभरात पोरगा चांगलाच उंच झाला होता. हाडं भराभर लांबतात, पोटरी मागे पडते, आणि धावता-उडी मारताना घोट्यामागची जाड शीर नेमकी त्या कच्च्या जागी ओढ देते. त्यात बूट पातळ तळाचे, स्टडवाले. या दुखण्याला सेव्हर्स डिसीज म्हणतात. जेम्स सेव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी 1912 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

रात्री दुखून जाग येते का? ताप, सूज, लाली? सकाळी सांधे आखडतात का? सगळ्याला नाही. एकालाही हो आलं असतं, तर त्यांना तडक डॉक्टरांकडे परत पाठवलं असतं.

खेळ पूर्ण बंद करा, हे सांगणं सोपं असतं. मला ते पटत नाही. लंगडायला लागला की त्या दिवसापुरतं थांबायचं, एवढंच ठरवलं. दोन्ही बुटांत हील कप (टाचेखाली ठेवायची मऊ वाटी), पोटरीचे ताण देणारे व्यायाम, खेळून आल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ. वाढ पूर्ण होईपर्यंत दुखणं अधूनमधून डोकं वर काढू शकतं, हेही वडिलांना सांगितलं.

"शनिवारी मॅच आहे. गोलकीपर राहू?"

"राहा. पण गोलकिक दुसऱ्याला मारू दे."

त्याने तोंड वाकडं केलं, पण कबूल झाला.